आजाराचं नाव नको, तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जा

पत्र

ताई, नमस्कार.

मी सोलापूरला पूर्व भागात राहते. वय ३८. घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. कारखान्यातून कटिंग केलेला माल येतो, शर्ट शिवून परत द्यायचे, पीसवर पैसे. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मुलगा यंदा बारावीला, सासूबाईंना शुगर.

दोन महिन्यांपासून रात्री हाताला मुंग्या येतात, उजव्या हाताला जास्त. तीन-साडेतीनला जाग येते, हात बधिर झालेला असतो. झटकला की जरा बरं वाटतं. दिवसभर थकवा, मधेच छातीत धडधड. केस फार गळायला लागले म्हणून एका रीलमध्ये बघून गोळ्या मागवल्या, त्या रोज घेते.

एका रात्री मोबाइलवर ‘हाताला मुंग्या’ असं टाकलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉन असे मेंदूचे-नसांचे आजार, मेंदूत गाठ, काय काय आलं. तेव्हापासून रोज रात्री वाचते. एआयच्या ॲपला पण विचारलं, ‘मला मल्टिपल स्क्लेरोसिस असेल का?’ त्याने लक्षणं सांगितली, बरीचशी माझ्याशी जुळली. मग ७० तपासण्यांचं पॅकेज घेतलं, माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. रिपोर्टात सात आकडे लाल. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच कमी, टी-४ जास्त. ते टाकून बघितलं तर थायरॉइड जास्त काम करतं तो ग्रेव्हज नावाचा आजार निघाला. एका व्हिडिओत आयोडीन बंद करा म्हणाले, म्हणून घरातलं मीठ बदलून सैंधव आणलं. सासूबाईंना नसांसाठी दिलेली गोळी पण दोनदा घेऊन बघितली.

एका डॉक्टरांकडे गेले होते. ‘मला ग्रेव्हज आहे का?’ विचारलं तर म्हणाले, ‘नेटवर बघून आलात का? काही झालं नाही की हो तुम्हाला.’ हाताला हातही न लावता टॉनिक लिहून दिलं. हे म्हणतात, तुझ्या डोक्यात खूळ शिरलंय. ताई, खरंच खूळ आहे का? फोन बंद करून टाकू? जाऊ तरी कुठे?

– एक वाचक, सोलापूर


उत्तर

ताई,

खूळ नाही. रात्री तीन वाजता हात बधिर होऊन माणूस उठतं, तेव्हा हाताला काहीतरी होत असतं. थकवा खरा, धडधड खरी. आणि घरातले सगळे झोपलेले असताना ‘मेंदूत गाठ’ हे शब्द वाचल्यावर बसलेला धक्काही खराच. तुम्ही माहिती शोधलीत यात काही चुकलेलं नाही. शोधता शोधता तुम्ही स्वतःला एक आजार ठरवून टाकलात आणि पुढे सगळीकडे तोच आजार घेऊन फिरलात, तिथे गाडं अडलं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला काय झालंय हे मी सांगणार नाही. पण तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, आणि त्यातल्या दोन ओळींवर थांबले. दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिल्यात. एक, तुम्ही घरी मशीनवर गणवेश शिवता. दुसरी, रीलमध्ये बघून आणलेल्या केसांच्या गोळ्या रोज घेता. इतक्या रात्री तुम्ही शोधत होता, त्यात या दोन गोष्टी तुम्हाला कुणी विचारल्या का? तुम्ही प्रश्न टाकलात, उत्तर आलं. उलटा प्रश्न आला नाही. डॉक्टरांचं अर्धं काम उलट्या प्रश्नांनी होतं.

आधी गोळ्यांचं बघू, कारण तुमची सर्वांत मोठी भीती त्या रिपोर्टावर उभी आहे.

केसांच्या बहुतेक गोळ्यांमध्ये बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. बाटली काढा आणि मागच्या लेबलवर बघा. आपल्या शरीराला दिवसाला सुमारे ३० ते ४० मायक्रोग्रॅम बायोटिन लागतं, आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत मात्र ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असू शकतं, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. आता हे प्रयोगशाळेत काय करतं ते नीट वाचा. थायरॉइडच्या अनेक तपासणी-किटमध्ये बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे दोन पदार्थ एकमेकांना घट्ट चिकटतात, त्या चिकटण्यावर यंत्राचं मोजमाप चालतं. रक्तात गोळ्यांमुळे आधीच भरपूर बायोटिन असलं तर ते मधे येऊन जागा अडवतं आणि यंत्र चुकीचा आकडा दाखवतं. चूकही ठरावीक दिशेची असते: टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि टी-४ आहे त्यापेक्षा जास्त. म्हणजे थायरॉइड धडधाकट असलेल्या बाईचा कागद ग्रेव्हज झालेल्या बाईसारखा दिसू शकतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिनची तपासणी करतात, तीही बायोटिनमुळे चुकू शकते असं त्यात सांगितलं होतं. थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. रक्त न्यायला आलेल्या माणसाने तुम्हाला हे विचारलं नसणार, आणि विचारलं नाही तर तुम्हाला सुचणार तरी कसं?

तुमचा रिपोर्ट खोटाच आहे, असं मात्र मी म्हणत नाही. सगळ्याच किटमध्ये ही गडबड होत नाही. शिवाय थायरॉइड खरोखरच वाढलं असेल तर धडधड, थकवा, केस गळणं हे सगळं त्यातही होतं. त्यामुळे रिपोर्ट फाडू नका आणि त्यावरून स्वतःच उपचारही सुरू करू नका. ती गोळ्यांची बाटली रिपोर्टासोबत पिशवीत ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. गोळ्या कधी थांबवायच्या, रक्त पुन्हा कधी द्यायचं, ते सांगतील.

उरलेल्या लाल आकड्यांचंही सांगते, कारण लाल रंग बघून काळजात चर्र होतं. रिपोर्टात जी ‘नॉर्मल’ची मर्यादा छापतात, ती बऱ्याचदा अशी ठरवलेली असते की शंभर निरोगी माणसं तपासली तर ९५ जण त्या मर्यादेत येतील. म्हणजे पाच निरोगी माणसं मर्यादेबाहेर जाणार, हे ती मर्यादा आखतानाच धरलेलं असतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर त्यातली एक तरी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. तुम्ही ७० करून घेतल्या. त्यात काहीच लाल आलं नसतं तर ते विशेष म्हणायचं. म्हणून डॉक्टर तक्रार ऐकून, हाताने तपासून, मग मोजक्या तपासण्या लिहितात. कोणता आकडा कशासाठी बघायचा हे त्यांच्या मनात आधी ठरलेलं असतं. पॅकेजवाल्यांनी तुमची तक्रार ऐकली नव्हती.

आता हात. ‘हाताला मुंग्या येतात’ असं तुम्ही लिहिलंत, कोणत्या बोटांना ते लिहिलं नाहीत. इथे बरंच काही बोटांवर ठरतं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्या भागाची जाणीव मनगटातून जाणाऱ्या एका नसेकडे असते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू वेगळ्या नसेकडे, ती कोपराच्या आतल्या बाजूने खाली येते. आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि मोबाइल हातात घ्यायच्या आधी बोटं बघा. मुंग्या करंगळीत आहेत का? तळहाताच्या बाजूला जास्त आहेत की मागच्या? मानेपासून खाली कळ येते का? पायांच्या बोटांनाही असंच होतं का? एवढं चार ओळींत लिहून ठेवलंत तरी डॉक्टरांच्या खूप कामाचं आहे.

आणि तुमचं काम. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे गणवेशाचा माल त्याआधीचे महिने धो-धो येतो, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. कॉलर लावताना डाव्या हाताने कापड ओढायचं, उजव्या हाताने मशीनच्या पायाखाली सरकवायचं, मनगट सारखं वाकलेलं, मधेच छोट्या कात्रीने धागे कापायचे. पीसवर पैसे असल्यामुळे हात थांबवावासाही वाटत नाही. सारखं वाकलेलं मनगट, तेच तेच काम, रात्री येणाऱ्या मुंग्या, हात झटकला की मिळणारा आराम, एवढं ऐकलं तर डॉक्टर बहुधा आधी तुमचं मनगट हातात घेतील. आतल्या बाजूला बोटाने टकटक करून बघतील. दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून, मनगटं वाकवून मिनिटभर धरायला सांगतील आणि मुंग्या येतात का विचारतील. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग दोन्ही हातांना सारखा भरलेला आहे का, तेही बघतील. यासाठी ना यंत्र लागतं ना पॅकेज.

मनगटात नस दाबली जाणं हे यातलं एक कारण झालं. बी-१२ कमी असेल, साखर वाढली असेल, थायरॉइड मंदावलं असेल, मानेचा त्रास असेल, तरीही हाताला मुंग्या येतात. सासूबाईंना शुगर आहे, ती तुमच्या माहेरची बाजू नाही. पण तुमच्या आईवडिलांना, भावंडांना आहे का? हाही असाच एक प्रश्न, जो तुम्हाला कुणी विचारला नाही. ही सगळी कारणं मल्टिपल स्क्लेरोसिसपेक्षा कितीतरी जास्त आढळणारी आहेत, आणि बहुतेकांवर साधे उपाय आहेत.

मग मोबाइलने ही साधी कारणं आधी का दाखवली नाहीत, असं तुम्ही विचाराल. दाखवली असतील. पण तीस साध्या ओळींत एक भयंकर ओळ असली की नजर तिच्यावरच जाते, बोट तिच्यावरच पडतं, आणि तुम्ही जे उघडता त्यासारखंच आणखी पुढे येत राहतं. मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या दोन संशोधकांचा यावरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. साध्या लक्षणावरून सुरू झालेला शोध दुर्मीळ, गंभीर आजाराकडे कसा चढत जातो, हे त्यांनी लोकांच्या शोधांच्या नोंदींवरून तपासलं. डोकेदुखी शोधणाऱ्याला मेंदूतल्या गाठीची माहिती अगदी सहज समोर येत होती. प्रत्यक्षात मेंदूत गाठ फार थोड्या लोकांना होते, आणि डोकं तर प्रत्येकाचंच कधी ना कधी दुखतं.

इथे मोठी गल्लत होते ती उलटसुलट वाचण्यात. अमुक आजारात मुंग्या येतात, हे वाक्य खरं. म्हणून मुंग्या येतात त्याला अमुक आजार, हे खरं नाही. मागावर काम करणारा जवळपास प्रत्येक जण संध्याकाळी पाठ दुखते म्हणेल. पण सोलापुरात पाठ दुखते म्हणणारा प्रत्येक जण मागावर काम करत नाही. तुम्ही त्या यादीवरून ‘थकवा, मुंग्या, धडधड’ अशा खुणा करत गेलात आणि त्या जुळल्या. पण थकवा जवळजवळ प्रत्येक आजाराच्या यादीत असतो. तीन रात्री झोप न झालेल्या निरोगी माणसालाही थकवा असतोच.

लक्षणं टाकली की आजार सांगणाऱ्या ॲप आणि वेबसाइटचीही तपासणी झालेली आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात अशा २३ साधनांना ४५ ठरावीक रुग्णांची माहिती देऊन बघितली होती. खरा आजार पहिल्या क्रमांकावर आला तो फक्त ३४ टक्के वेळा. तेव्हापासून तंत्र पुढे गेलंय, आताचे एआय ॲप माणसासारखं मराठीत बोलतात. पण तुम्ही विचारलंत कसं ते बघा: ‘मला मल्टिपल स्क्लेरोसिस असेल का?’ आजाराचं नाव घेऊन विचारलं की उत्तर त्या नावाभोवतीच फिरतं. शिलाईचं काम, केसांच्या गोळ्या, जागरण यातलं काही तुम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. आणि सगळं सांगितलं असतंत, तरी मनगटावर बोट टेकवून बघणं त्याच्याकडून झालं नसतं.

तुम्ही गेलात त्या डॉक्टरांनीही ते केलं नाही, हे मला वाईट वाटलं. ‘नेटवर बघून आलात का’ म्हणून बाईला गप्प करणं बरोबर नाही. ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असली तरी हाताची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा हात बघायलाच हवा. पण याचा एक धडा आपल्या बाजूने घेऊ. ‘मला ग्रेव्हज आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि नाही आलं की बोलणं संपतं. ‘दोन महिन्यांपासून रात्री तीनला उजवा हात बधिर होऊन जाग येते’ असं म्हटलं की डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

म्हणून जाण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि त्यावर तुमच्या शब्दांत लिहा. असं काहीतरी: ‘दोन महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या, अमुक बोटांना जास्त, झटकला की कमी होतात. दिवसातून इतके तास मशीनवर शिवते. धडधड कधी होते, किती वेळ राहते. वजन वाढलं की कमी झालं. पाळी नियमित आहे का, जास्त जाते का. केसांच्या गोळ्या अमुक तारखेपासून, बाटली सोबत आणली आहे. सासूबाईंची गोळी दोनदा घेतली, तिचं पाकीट हे. झोप किती तास. चहा किती वेळा.’ पाळीचं लिहायला लाजू नका. पाळीत जास्त रक्त जाऊन अंगातलं लोह कमी झालं तर थकवा, धडधड आणि केस गळणं हे तिन्ही होतं, आणि बायका ही गोष्ट सर्वांत शेवटी सांगतात. सासूबाईंच्या गोळीचंही लपवू नका. ती त्यांचं वय, त्यांची शुगर, त्यांची किडनी बघून दिलेली आहे. यापुढे ती घेऊ नका, पण घेतली होती हे सांगाच.

शेवटी एकच वाक्य जोडा: ‘मी नेटवर वाचलं आणि मला गंभीर आजाराची फार भीती बसली आहे.’ हे लपवण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं. भीती आहे हे कळलं तर चांगले डॉक्टर ती भीती कोणत्या आजाराची आहे ते विचारतात, आणि तो आजार का वाटत नाही किंवा तपासायला का हवा, ते समजावतात.

कुठे जायचं? लगेच मेंदूच्या तज्ज्ञांकडे धावू नका. तुमच्या घराला वर्षानुवर्षं ओळखणारे फॅमिली डॉक्टर असतील तर आधी त्यांच्याकडे जा, नसतील तर एखाद्या फिजिशियनकडे. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिल आहेच. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय असल्यामुळे तिथे सगळ्या विषयांचे डॉक्टर एकाच आवारात मिळतात. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा, पुढे कुणाकडे पाठवायचं ते तेच ठरवतील. एक खाडा पडेल, त्या दिवसाचे पीस बुडतील, हे मला माहीत आहे. पण पॅकेजला, रीलमधल्या गोळ्यांना आणि सैंधवाला घातलेले पैसे एकदा मांडून बघा. सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवाही आहे, मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलता येतं. पण तुमच्या बाबतीत हात प्रत्यक्ष बघणं गरजेचं आहे, म्हणून मी तुम्हाला प्रत्यक्षच जायला सांगेन.

मिठाचं मात्र डॉक्टरांकडे जायची वाट बघू नका, आजच बदला. थायरॉइड वाढलंय हे अजून सिद्ध व्हायचंय, आणि झालं तरी त्यासाठी सगळ्या घराचं आयोडीन बंद करायचं कारण नाही. साध्या सैंधवात आयोडीन अगदी नगण्य असतं. आयोडीनची कमतरता होऊन लोकांना गलगंड होऊ नये, मुलांच्या मेंदूची वाढ खुंटू नये, म्हणून थेट खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच असावं असा नियम २००६ पासून देशभर आहे. घरात अभ्यास करणारा मुलगा आहे. एका व्हिडिओवरून चार माणसांचं मीठ बदललं, हे मला त्या सात लाल आकड्यांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. तुम्हाला स्वतःला काही वर्ज्य करायचं असेल तर ते डॉक्टर सांगतील.

काही लक्षणं अशी असतात की तेव्हा कागद लिहीत बसायचं नाही आणि मोबाइलवर तर मुळीच बघायचं नाही. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. बसल्या जागी धाप, चक्कर येऊन शुद्ध हरपणं. यातलं काहीही झालं की १०८ ला फोन. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यातला अर्धा तास शोधण्यात घालवायचा नसतो. आणि हातातून वस्तू सुटायला लागल्या, बटण लावता येईना, अंगठ्याचं बूड खोल गेल्यासारखं दिसलं, तर ओपीडीला जाणं आठवड्यावर टाकू नका. नस फार काळ दाबलेली राहिली तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

फोन बंद करू का, असं विचारलंत. बंद नको, पण काही काळ रात्री आजार शोधणं पूर्ण थांबवा. फोन मुलाच्या खोलीत चार्जिंगला लावा. रात्री तीनला अर्धवट झोपेत भयंकर काही वाचलं की छाती धडधडते, मग धडधड का होते ते शोधायचं, त्यात आणखी भयंकर वाचायचं, आणि सकाळी मशीनवर बसायचं ते चार तासांच्या झोपेवर. त्यात सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याखाली चाळिशीपार गेलेला पारा, आणि कामाच्या नादात पाणी प्यायचं राहिलेलं. या सगळ्यानेही धडधड आणि थकवा येतो. पाण्याचा तांब्या मशीनशेजारी ठेवा आणि दर अर्ध्या तासाला हात मोकळे करा. मनगट शक्यतो सरळ राहील अशी खुर्ची आणि मशीनची उंची जुळवून घ्या. याने कुणाचं नुकसान होत नाही.

डॉक्टरांनी निदान केल्यावर मात्र खुशाल वाचा. आजाराचं खरं नाव कळल्यावर नेट फार उपयोगाचं होतं. गोळी जेवणाआधी की नंतर, मनगटाला रात्री लावायचा पट्टा कसा बांधायचा, कोणता व्यायाम करायचा, हे नीट समजून घ्यायला तेच साधन चांगलं. फक्त काही विकायला बसलेल्याचा सल्ला घेऊ नका. ज्या व्हिडिओच्या खाली गोळ्यांची लिंक आहे, तो तुमच्या केसांसाठी बनवलेला नाही.

तपासण्या ठीक आल्या, डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तरी महिनाभराने भीती तशीच राहिली, हात पुन्हा पुन्हा शोधाकडे जात राहिला, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोला. केंद्र सरकारची ही मोफत सेवा दिवसरात्र चालते, मराठीतूनही बोलता येतं. आजाराची भीती हाही त्रासच आहे आणि तोही बरा होतो.

राहता राहिले तुमचे हे. ‘खूळ’ म्हणाले म्हणून त्यांना वगळून जाऊ नका. आजवर सगळं तुम्ही एकटीने केलंत: शोधलंत एकटीने, पॅकेज घेतलंत एकटीने, घाबरलातही एकटीने. त्यांना मुंग्यांचं किती कळलंय आणि ग्रेव्हजचं किती, मला शंका आहे. कारखान्याला सुट्टी असेल तो दिवस धरा आणि वहीचं ते पान आधी त्यांना वाचून दाखवा. मग म्हणा, आत डॉक्टर काय सांगतात ते घाबरून माझ्या लक्षात राहत नाही, तुम्ही सोबत बसा आणि लिहून घ्या. पिशवीत रिपोर्ट, केसांच्या गोळ्यांची बाटली, सासूबाईंच्या गोळीचं पाकीट आणि वही एवढं ठेवा. हंगाम संपेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जाऊन या.